डबा, पाकीट आणि रुग्ण

पुस्तकांचे परीक्षण होते, नाटकांचे होते. औषधाच्या डब्याचे परीक्षण कोणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ते येथे करण्याचे कारण असे की, आपल्या देशात क्षयरोगावरील सरकारी औषधांचे वेष्टन गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मुळापासून बदलले आणि त्याबरोबर रुग्णाकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. हल्ली 'रुग्णकेंद्री रचना' हा शब्दप्रयोग वरचेवर कानावर पडतो. रुग्ण केंद्रस्थानी ठेवला म्हणजे नेमका कोठे ठेवला, हे मात्र वेष्टन उघडूनच पाहावे लागते.

क्षयरोगाचा उपचार किमान सहा महिन्यांचा असतो. खरी अडचण अशी की, काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, वजन वाढू लागते आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. शरीरात दडलेले जंतू मात्र शिल्लक असतात. औषध मध्येच सुटले तर रोग उलटतो आणि पुढे औषधांना दाद न देणारे जंतू निर्माण होण्याची भीती असते. औषध मध्येच सुटण्याची कारणे दोन : रुग्णाने ते घेतले नाही, किंवा दवाखान्यात ते मिळाले नाही. वेष्टनाचा विचार करताना ही दोन्ही कारणे डोळ्यांसमोर ठेवावीत, अशी वाचकांना विनंती आहे.

१९९७ साली सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पर्यंत तो देशभर पोचला. त्यातील उपचारपद्धती 'डॉट्स' या नावाने ओळखली जाई. या कार्यक्रमातील एक साधी वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचा डबा. नवीन रुग्णासाठी लाल, पूर्वी उपचार घेतलेल्यासाठी निळा. रुग्णाची नोंद होताच त्याच्या नावाचा एक डबा बाजूला काढला जाई आणि त्यात त्याच्या संपूर्ण उपचाराची औषधे असत. लाल डब्यात पहिल्या दोन महिन्यांसाठी २४ पाकिटे, एकेका दिवसाच्या सगळ्या गोळ्या एकत्र असलेली. पुढच्या टप्प्यासाठी १८ पाकिटे, एकेका आठवड्याची. औषध एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा, आणि पहिल्या टप्प्यात प्रत्येक वेळी कोणाच्या तरी समोर घ्यायचे. हा 'कोणीतरी' आरोग्यसेवक असे, अंगणवाडीताई असे, कधी गावातले शिक्षकही असत.

हा डबा आम्हाला भारतीय सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक उत्तम रचना वाटते. साठा संपला तर एका रुग्णाचे औषध दुसऱ्याला देऊन वेळ मारून नेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. डब्यावर नाव पडले की तो मार्ग बंद. किती पाकिटे उरली हे पाहिले की किती उपचार झाला ते निरक्षर माणसालाही कळे. म्हणजे डबा रुग्णाकडून शिस्त मागत होता, पण आधी व्यवस्थेकडून वचन घेत होता.

दोष नव्हते असे नाही. एका वेळी सात गोळ्या गिळाव्या लागत. डबा सर्वांसाठी एकच असल्याने ३५ किलोच्या बाईला आणि ५९ किलोच्या पुरुषाला मात्रा सारखीच. साठ किलोंच्या वर असेल तर रिफॅम्पिसिनची जास्तीची कॅप्सूल मिळे. पुठ्ठ्याच्या सोयीसाठी शरीर एकाच मापाचे धरले गेले. मजुरी बुडवून केंद्रावर यावे लागे, ते वेगळेच.

२०१७ मध्ये देशभर रोजच्या मात्रेची पद्धत आली. चारही औषधे एकाच गोळीत, आणि अशा गोळ्या किती घ्यायच्या ते वजनावरून ठरवायचे. वैद्यकीयदृष्ट्या ही सुधारणा निःसंशय चांगली. तिच्यात रसायनशास्त्राची एक मेख आहे, ती विज्ञानशिक्षकांना रुचेल. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड यांची एकमेकांवर अभिक्रिया होऊ शकते आणि ओलावा तिला मदत करतो. त्याच गोळीतले इथॅम्ब्युटॉल हवेतला ओलावा ओढून घेणारे. म्हणून आवरण पक्के लागते. अॅल्युमिनियमच्या पापुद्र्यातून बाष्प जवळजवळ जातच नाही, साध्या पीव्हीसी प्लॅस्टिकमधून थोडे थोडे जात राहते. कोकणातल्या पावसाळ्यात हा फरक नुसता पुस्तकी राहत नाही.

या नव्या गोळ्यांच्या पट्टीवर '९९डॉट्स' नावाचे एक कागदी पाकीट चढवले गेले. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन विभागात, २०१३ च्या सुमारास आकाराला आलेली ही कल्पना खरोखर चतुर आहे. गोळी दाबून बाहेर काढली की मागे लपलेला फोन क्रमांक दिसतो. कोणत्या दिवशी कोणता क्रमांक निघेल हे रुग्णाला आधी ठाऊक नसते. त्याने त्यावर 'मिस्ड कॉल' द्यायचा. पैसे पडत नाहीत. संगणकाला कळते की आज गोळी घेतली. केंद्राची रोजची फेरी वाचली, खर्चही किरकोळ.

पण गोळी बाहेर काढली म्हणजे गिळली असे नव्हे, आणि फोन केला नाही म्हणजे गोळी घेतली नाही असेही नव्हे. चेन्नई, वेल्लोर व मुंबई येथील रुग्णांच्या घरी अचानक जाऊन लघवीत आयसोनियाझिडचा अंश तपासणारा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. औषध खरोखर घेतलेल्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांचीच नोंद फोनवरून झालेली होती. न घेतलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्केच ओळखता आले. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो, किंवा जेथे सुनेने आपला आजार सासरी लपवलेला आहे, तेथे हे पाकीट कसे चालेल याची कल्पना करणे कठीण नाही.

आमचा मुख्य आक्षेप मात्र नोंदीतल्या चुकांवर नाही. औषध सुटण्याची जी दोन कारणे वर सांगितली, त्यांपैकी पाकिटाला एकच दिसते. रुग्ण चुकला तर संगणक आरोग्यसेवकाला कळवतो; दवाखाना चुकला तर रुग्णाने कोणता क्रमांक फिरवायचा? मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र लिहून, पुरवठ्यास विलंब होण्याची शक्यता असल्याने क्षयरोगाची औषधे तूर्त स्थानिक पातळीवर खरेदी करावीत, असे कळवले. डबा असता तरी कारखान्यातून न आलेली गोळी त्यात आली नसती, हे खरे. पण तुटवडा उपचार सुरू करण्यापूर्वी, भरायच्या डब्यापाशी उघड झाला असता. चौथ्या महिन्यात, अर्धवट बरा झालेला माणूस खिडकीपाशी उभा असताना नव्हे.

वजनानुसार मात्रा आणि नावाचा डबा यांत विरोध आहे, असे आम्हाला वाटत नाही. रोज तीन गोळ्या लागणाऱ्या रुग्णाचा हिशेब मांडून पाहा : पहिल्या ५६ दिवसांच्या १६८, पुढच्या ११२ दिवसांच्या ३३६, एकूण ५०४ गोळ्या. त्या पट्ट्या मोजून पहिल्याच दिवशी एका खोक्यात घालायच्या, वर रुग्णाचे नाव लिहायचे, आणि मध्ये वजन वाढले तर भर घालायची. फोनवाले पाकीट ज्याला सोयीचे वाटेल त्याने खुशाल वापरावे. खोके मात्र प्रत्येकाला मिळाले पाहिजे.