सोतो, एर्नांदो दे

सोतो, एर्नांदो दे : (सु. १५००–२१ मे १५४२). मध्य अमेरिका, पेरू आणि उत्तर अमेरिकेचा आग्नेय भाग येथील मोहिमांत भाग घेतलेला स्पॅनिश सेनानी व समन्वेषक. मिसिसिपी नदीच्या अंतर्भागातील प्रवाहापर्यंत सैन्यासह पोहोचून ती ओलांडणारा पहिला यूरोपीय म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्याची अखेरची मोहीम सर्व दृष्टींनी अयशस्वी ठरली. तथापि तीन शतकांनंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या संसदभवनातील भव्य चित्रात तो विजेता म्हणून अवतरला. इतिवृत्तांतील सोतो व चित्रांतील सोतो यांतील ही तफावत ऐतिहासिक चित्रकलेच्या अभ्यासात विशेष उद्‌बोधक आहे.

पूर्वायुष्य : सोतोचा जन्म स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतात झाला, जन्मगावाविषयी मतभेद आहेत. १५१४ मध्ये पेद्रारियास दाव्हिला याच्या आरमाराबरोबर तो पनामास गेला. निकाराग्वाच्या जिंकलेल्या मुलखात त्याने घोडदळाचा नायक व गुलामांचा व्यापारी म्हणून पैसा आणि नाव मिळविले. १५३१ मध्ये तो स्वतःची जहाजे व माणसे घेऊन फ्रान्सिस्को पिझारोस मिळाला. काहामार्का येथे नोव्हेंबर १५३२ मध्ये इंका सम्राट अतावाल्पा याच्या भेटीस जी पहिली तुकडी गेली, तिचे नेतृत्व सोतोकडे होते. सम्राटाच्या अगदी जवळ घोडा नेऊन त्याने आपले अश्वकौशल्य दाखविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध आहे. अतावाल्पाला देहदंड दिला गेला, तेव्हा सोतो टेहळणीवर होता व परतल्यावर त्याने या कृत्याबद्दल नापसंती दर्शविली. खंडणीतील मोठा वाटा घेऊन तो १५३६ मध्ये स्पेनला परतला आणि त्याने पेद्रारियासची मुलगी इसाबेल दे बोबादिया हिच्याशी विवाह केला. १५३७ मध्ये पाचव्या चार्ल्सने त्याला क्यूबाचा राज्यपाल नेमून फ्लॉरिडा जिंकण्याची सनद दिली. त्या काळी ‘फ्लॉरिडा’ या नावात उत्तर अमेरिकेचा फार मोठा व अज्ञात प्रदेश मोडत असे.

उत्तर अमेरिकेतील मोहीम : मे १५३९ मध्ये हाव्हानाहून नऊ जहाजे, सहाशेहून अधिक माणसे आणि दोनशेहून अधिक घोडे घेऊन सोतो निघाला व फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, बहुधा टँपा उपसागरात, उतरला. बरोबर डुकरांचा कळप, माग काढणारे शिकारी कुत्रे व कैद्यांसाठी लोखंडी साखळदंड होते. दुसरे पेरू शोधणे हे त्याचे उद्दिष्ट होते आणि पेरूत यशस्वी झालेली युक्तीच त्याने येथे अवलंबिली : गावाच्या प्रमुखास ताब्यात घ्यावयाचे, त्याच्याकडून धान्य, हमाल व स्त्रिया मिळवावयाच्या आणि पुढील राज्याच्या सीमेवर त्याला सोडावयाचे. परंतु येथे एका सम्राटाच्या पतनाने कोसळणारे साम्राज्य नव्हते. मक्याच्या शेतीवर पोसलेली, मातीच्या उंच चौथऱ्यांवर मंदिरे व प्रमुखांची घरे बांधणारी अशी अनेक स्वतंत्र राज्ये या प्रदेशात नांदत होती. त्यामुळे एकाला नमविले, तरी दुसऱ्याशी नव्याने झगडावे लागे.

पहिला हिवाळा अपालाची लोकांच्या आन्हायका या गावी (सध्याचे टॅलाहासी) काढून १५४० मध्ये सैन्य ईशान्येस कोफिताचेकी येथे पोहोचले. तेथील स्त्री-प्रमुखाने मोती देऊन स्वागत केले असताही सोतोने तिला कैद करून बरोबर नेले. ती पुढे निसटली. त्यानंतर कोसाच्या समृद्ध राज्यातून सैन्य दक्षिणेस वळले. १८ ऑक्टोबर १५४० रोजी माबिला या तटबंदीच्या गावी तास्कालूसा या राजाने आधीपासून जमविलेल्या योद्ध्यांनी स्पॅनिशांवर हल्ला चढविला. स्पॅनिशांनी गावाला आग लावली. स्थानिकांपैकी अडीच ते तीन हजार माणसे मेली, असे स्पॅनिश वृत्तांत सांगतात. स्पॅनिशांकडील मृतांची संख्या थोडी असली, तरी बहुतेक सर्व कपडे, सामान, मोती आणि धर्मविधीचे साहित्य आगीत नष्ट झाले. मार्च १५४१ मध्ये चिकासा लोकांनी रात्रीच्या हल्ल्यात स्पॅनिशांची छावणी जाळली; त्यात पन्नासच्या आसपास घोडे दगावले. थंडी निवारण्यासाठी सैनिकांना वाळक्या गवताच्या चटया विणून पांघराव्या लागल्या.

मे १५४१ मध्ये हे सैन्य मिसिसिपीच्या काठी आले. नदी ओलांडण्यासाठी तराफे बांधण्यात सु. चार आठवडे गेले. पलीकडच्या आर्कॅन्सॉच्या प्रदेशातही सोने मिळाले नाही. त्या हिवाळ्यात दुभाष्या ह्वान ओर्तीस मरण पावला. पुढे सोतोने स्वतःस सूर्यपुत्र म्हणवून किगाल्टामच्या राजास शरण येण्याचा निरोप धाडला असता, सूर्यपुत्र असशील तर ही नदी आटवून दाखव, या आशयाचे उत्तर त्याला मिळाले. तापाने आजारी पडून सोतो २१ मे १५४२ रोजी ग्वाचोया येथे मरण पावला. लुईस दे मोस्कोसो याच्या नेतृत्वाखाली उरलेल्यांनी टेक्ससमार्गे मेक्सिको गाठण्याचा निष्फळ प्रयत्न केला. ते परत नदीकाठी आले आणि सात होड्या बांधून नदीच्या मुखाकडे निघाले. किगाल्टामच्या नौकांनी त्यांचा दूरवर पाठलाग केला. सप्टेंबर १५४३ मध्ये मेक्सिकोतील पानुको येथे ३११ माणसे पोहोचली.

चित्रण : सोतोचे त्याच्या हयातीत काढलेले विश्वसनीय व्यक्तिचित्र उपलब्ध नाही. माद्रिद येथे १७९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थोर स्पॅनिश पुरुषांच्या व्यक्तिचित्रसंग्रहातील होसे माएआच्या रेखाटनावरून केलेले चिलखतधारी सोतोचे उत्कीर्ण चित्र पुढे पुष्कळ वेळा पुनर्मुद्रित झाले. परंतु तेही त्याच्या मृत्यूनंतर अडीचशे वर्षांनी तयार झालेले कल्पनाचित्रच होय. पेरूतील वामान पोमा या स्थानिक लेखक-चित्रकाराने सतराव्या शतकाच्या आरंभीच्या आपल्या सचित्र हस्तलिखितात अतावाल्पाच्या भेटीचा प्रसंग रेखाटला आहे. मात्र त्यात एर्नांदो पिझारोच्या जोडीला सोतोऐवजी सेबास्तियान दे बेनाल्काझार याला दाखविले आहे. सोतोचे खरे रूप ज्ञात नसल्याने त्याचे प्रत्येक चित्र हे त्या त्या काळाच्या गरजेचे निदर्शक ठरते.

या चित्रपरंपरेत दोन ठळक प्रवाह दिसतात. पहिला क्रूर सोतोचा. लिएझहून निर्वासित झालेला प्रॉटेस्टंट उत्कीर्णक तेओदोर दे ब्री (१५२८–९८) याने फ्रँकफुर्ट येथून प्रसिद्ध केलेल्या अमेरिकाविषयक ग्रंथमालेच्या १५९५ च्या भागात, जिरोलामो बेन्झोनीच्या वृत्तांताच्या आधारे, सोतो फ्लॉरिडातील नायकांचे हात तोडवीत असल्याचे दृश्य कोरले आहे. दे ब्री अमेरिकेस कधीही गेला नव्हता. त्याच्या नग्न, पिळदार इंडियन आकृती यूरोपीय कलाशाळांच्या वळणाच्या आहेत आणि कॅथलिक स्पेनची निंदा करण्याचा हेतू त्यांत उघड आहे. तथापि हेतू पक्षपाती म्हणून आशय खोटा ठरत नाही. मोहिमेत सहभागी झालेल्या एल्व्हासच्या पोर्तुगीज गृहस्थाने आपल्या १५५७ मध्ये एव्होरा येथे छापलेल्या वृत्तांतात हात तोडण्याच्या शिक्षा कसलीही खंत न दाखविता नमूद केल्या आहेत; चिकासा येथे डुकरे चोरल्याबद्दल दोघांना ठार मारून तिसऱ्याचे हात तोडल्याची घटना तीपैकीच होय. सोतोचा चिटणीस रोद्रीगो रांखेल याची दैनंदिनी आपल्या इतिहासात समाविष्ट करणाऱ्या ओव्हिएदोनेही सोतोच्या क्रौर्यावर कठोर टीका केली आहे.

दुसरा प्रवाह शूर सोतोचा. त्याचे वाङ्‌मयीन मूळ इंका गार्सिलासो दे ला व्हेगा याच्या लिस्बन येथे १६०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लॉरिडाविषयक ग्रंथात आहे. वृद्ध सैनिकाच्या आठवणींवर आधारलेल्या या ग्रंथाने मोहिमेस वीरकाव्याचे रूप दिले. मात्र गार्सिलासोने इंडियन वीरांनाही तेवढेच तेज दिले होते. पुढील चित्रकारांनी त्यातील निम्माच भाग घेतला.

या प्रवाहाचा कळस म्हणजे विल्यम हेन्‍री पॉवेल (१८२३–७९) याचे मिसिसिपीचा शोध हे वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल वास्तूतील घुमटाखालच्या गोल दालनातील तैलचित्र. या दालनातील मोकळ्या जागेचे काम मिळालेला हेन्‍री इन्मन १८४६ मध्ये मरण पावल्याने १८४७ मध्ये संसदेने ते पॉवेलकडे सोपविले. मुख्यत्वे पॅरिसमध्ये रंगविलेले सु. ३·६६ मी. उंच व ५·४९ मी. रुंदीचे हे चित्र १८५३ मध्ये पूर्ण होऊन १८५५ मध्ये लावण्यात आले. मध्यभागी भरजरी पोशाखातील सोतो पांढऱ्या घोड्यावर बसून नदीकडे येत आहे. एका बाजूस आपल्या राहुट्यांपुढे इंडियन थबकले असून त्यांचा प्रमुख शांततेची चिलीम पुढे करीत आहे. उजव्या कोपऱ्यात क्रूस रोवला जात असून एक धर्मोपदेशक प्रार्थना करीत आहे. अग्रभागी शस्त्रे व विस्कटलेले सैनिक दिसतात. पूर्वीच्या लढाईची सूचना देण्यापुरतेच त्यांना स्थान आहे.

रचनाकौशल्याच्या दृष्टीने हे चित्र दुबळे नाही. गर्दीची विभागणी, प्रकाशाचा झोत मध्यवर्ती स्वारावर आणण्याची योजना आणि दूरवर उजळलेले नदीचे पात्र यांत पॅरिसमधील ऐतिहासिक चित्रणपद्धतीवरील प्रभुत्व जाणवते. परंतु वृत्तांतांशी ताडून पाहता त्याचा जवळजवळ प्रत्येक तपशील उलटा ठरतो. दोन आगींतून वाचलेल्या सैन्यापाशी भरजरी पोशाख उरणे संभवत नव्हते. कातडी राहुट्या पश्चिमेकडील गवताळ मैदानांतल्या लोकांच्या. मिसिसिपीकाठचे लोक तटबंद गावांतील कायम घरांत राहत. वृत्तांतांतील क्रूस उभारण्याचा ठळक प्रसंग नदीकाठचा नसून, नदी ओलांडल्यानंतर कास्की येथील चौथऱ्यावरचा आहे. नदीवर स्पॅनिशांसमोर आले ते दीनवाणे बघे नव्हते, तर रंगविलेले देह, पिसांचे तुरे व ढाली यांनी सजलेल्या योद्ध्यांच्या सु. दोनशे नौका होत्या. त्यांच्या प्रमुखाने मासे व फळांच्या वड्या भेट पाठविल्या असता स्पॅनिश धनुर्धरांनी बाण सोडून पाच-सहा जणांना मारले. एल्व्हासच्या वृत्तांतातील हा देखावा चित्रकारास मोहवील असाच आहे. पण तो रंगविला असता, नदीचा स्वामी कोण होता, हे लपले नसते. शिवाय ‘शोध’ हा शब्दही सदोष आहे. १५२८ मध्ये नार्व्हाएसच्या मोहिमेतील लोकांना नदीच्या मुखाशी तिचा प्रवाह लागला होता आणि तिच्या काठी शेकडो वर्षे मोठ्या वस्त्या होत्या.

चित्राचा काळ लक्षात घेता या फेरफारांचा अर्थ उलगडतो. ते सोपविले गेले, तेव्हा मेक्सिकोशी युद्ध चालू होते व पश्चिमेकडील विस्तार हे राष्ट्राचे विधिलिखित मानले जात होते. १८३० च्या कायद्यान्वये चोक्टॉ, चिकसॉ, क्रीक आदी जमातींना, म्हणजेच सोतोशी झुंजलेल्यांच्या वंशजांना, याच नदीपलीकडे घालवून देण्यात आले होते व त्यात हजारो माणसे दगावली होती. त्या घटनेस जेमतेम दोन दशके लोटली असताना, संसदेच्या भिंतीवर इंडियन प्रमुख स्वेच्छेने चिलीम पुढे करताना दिसावा, हे सूचक आहे. पॉवेलची ही प्रतिमा पुढे १८६० नंतरच्या दशकातील राष्ट्रीय बँकांच्या दहा डॉलरच्या नोटांवर आणि १९१८ च्या मालिकेतील पाचशे डॉलरच्या नोटेवर छापली जाऊन घरोघर पोहोचली. एका अमेरिकन मोटारीसही (१९२८–६०) सोतोचे नाव देण्यात आले. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात जुळविलेल्या वाहनांमुळे ‘डिसोटो’ हे नाव महाराष्ट्रातही परिचित झाले.

त्याच दालनात, वरच्या बाजूस, कॉन्स्टँटिनो ब्रूमिडी (१८०५–८०) याने रंगविलेल्या शिल्पाभासी एकरंगी चित्रपट्टात सोतोच्या जलसमाधीचा प्रसंग आहे. इंडियनांकडून विटंबना होऊ नये, म्हणून मृतदेह नदीत सोडला, असे त्याचे स्पष्टीकरण रूढ आहे. वृत्तांतांतील कारण अधिक बोलके आहे. स्वतःस अमर म्हणवणाऱ्या सेनानायकाचा मृत्यू उघड झाला, तर हल्ला होईल, या भीतीने पुरलेले प्रेत उकरून, वाळूचे वजन बांधून ते रात्री नदीत बुडविण्यात आले आणि तो स्वर्गास गेल्याचे स्थानिक प्रमुखास सांगण्यात आले. त्याच्या मालमत्तेचा सैनिकांत लिलाव झाला, तेव्हा चार गुलाम, तीन घोडे व सातशे डुकरे निघाली. पराभवाची ही अखेर चित्रपट्टात विधियुक्त शोकाचे गांभीर्य धारण करते.

मूल्यमापन : दे ब्री व पॉवेल परस्परविरोधी असले, तरी एका बाबतीत ते समान आहेत. दोघांच्याही चित्रांत कृती करणारा एकटा सोतो आहे. इंडियन हे बळी तरी आहेत किंवा प्रेक्षक तरी. तास्कालूसाची युद्धयोजना, चिकासांचा रात्रीचा छापा, कोफिताचेकीच्या स्त्री-प्रमुखाचे निसटणे, किगाल्टामचे उत्तर व त्याचे नौदल यांना सोतोच्या रूढ चित्रपरंपरेत स्थान मिळाले नाही. खलनायकाच्या जागी नायक किंवा नायकाच्या जागी खलनायक बसविल्याने ही उणीव भरून निघत नाही.

तिची भरपाई काही अंशी पुरातत्त्वाने केली आहे. शंखांवर व तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या पंखधारी योद्ध्यांच्या प्रतिमा या लोकांनी सोतोच्या आगमनापूर्वीच निर्माण केल्या होत्या. जॉर्जियातील एटोवा व अलाबामातील मून्डव्हिल ही त्यांची ख्यातनाम स्थळे होत. १९८७ मध्ये टॅलाहासी येथे सोतोच्या पहिल्या हिवाळी छावणीचे अवशेष मिळाले. त्यांत साखळी चिलखताचे तुकडे, नाणी व डुकराच्या जबड्याचे हाड आहे. मिसिसिपी राज्यात सापडलेल्या व २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ऐंशीहून अधिक धातूंच्या वस्तू चिकासा येथील संघर्षाशी संबंधित मानल्या जातात. त्यांतील काही स्पॅनिश लोखंड ठोकून स्थानिकांनी आपल्या वापराची हत्यारे बनविली होती. सोतोच्या मोहिमेचे यथार्थ चित्र कॅपिटॉलच्या भिंतीपेक्षा या गंजलेल्या तुकड्यांत अधिक स्पष्टपणे उमटले आहे.