'गो फास्ट' खरंच फास्ट आहे का? एका उत्तराची चिकित्सा

जानेवारी 2015 मध्ये अमेरिकी नौदलाच्या विमानाने टिपलेला 'गो फास्ट' हा इन्फ्रारेड व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. समुद्रावरून काहीतरी सुसाट जातंय असं वाटतं. सप्टेंबर 2023 मध्ये नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटाने त्यावर दिलेलं उत्तर मला आवडतं, पण ते जरा तपासूया.

इन्फ्रारेड चित्र तापमानातला फरक दाखवतं, अंतर नाही. अंतर कळल्याशिवाय वेग ठरत नाही. सुदैवाने पडद्यावरच आकडे आहेत: विमानाची उंची 25,000 फूट, वस्तूचं अंतर 4.4 सागरी मैल (सुमारे 26,700 फूट), कॅमेरा सुमारे 26 अंश खाली वळलेला. साइन 26 म्हणजे 0.44, वस्तू विमानाच्या साधारण 11,700 फूट खाली. म्हणजे ती 13,000 फुटांच्या आसपास आहे, लाटांना चाटून जात नाही! मग पळतंय कोण? धावत्या एसटीतून जवळच्या बाभळीवर नजर खिळवा. मागचा डोंगर सरकू लागतो. हाच पराशय. नासाच्या हिशोबाने वस्तू 22 सेकंदांत सुमारे 390 मीटर सरकली, म्हणजे ताशी 40 मैल.

या उत्तराचं बळ कशात आहे? पुरावा व्हिडिओतच आहे आणि गणित तुम्हीही वहीत करू शकता.

कच्चे दुवे दोन. एक, सगळा डोलारा अंतराच्या आकड्यावर उभा आहे आणि त्यात चूक किती असू शकते हे पडद्यावर दिसत नाही. दोन, त्या उंचीवर एवढा वारा सहसा असतोच, असं अहवाल म्हणतो. पण 'सहसा' म्हणजे 'त्या दिवशी' नव्हे. पेंटागॉनच्या 'आरो' कार्यालयाने 2025 मध्ये वारा हिशोबात धरून एका आकड्याऐवजी ताशी 5 ते 92 मैल असा पल्ला दिला. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. पल्ला मोठा असला तरी निष्कर्ष टिकतो: वेगात अचाट काही नाही.

आणि ती वस्तू नेमकी काय होती? फुगा की पक्षी? गणित ते सांगत नाही. 'वेग साधा आहे' आणि 'वस्तू ओळखली' ही दोन वेगळी विधानं आहेत. बातम्यांमध्ये ती सर्रास एक होतात. तुमच्या प्रबंधात होऊ देऊ नका. पहिलं विधान सिद्ध झालं की दुसरं आपोआप खिशात आलं असं वाटतं, नेमकं तिथेच परीक्षक बोट ठेवतात.