बलदंड देहाची कुळकथा : प्रताप मुळीक यांच्या चित्रकथांमागील प्रभाव

धर्मशिक्षणाच्या वर्गात येऊन बसणारे मूल कोऱ्या पाटीसारखे नसते. देव, दानव, वीर आणि साधू यांची रूपे त्याच्या मनात अगोदरच ठसलेली असतात, आणि ती बहुधा चित्रांतून आलेली असतात. आमच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात तर हे अधिकच खरे आहे. मराठी ‘चांदोबा’ आणि कन्नड ‘चंदमामा’ यांची लिपी निराळी असली, तरी विक्रमाच्या खांद्यावरचे प्रेत दोन्हींत एकच होते. भाषेची सीमा चित्राला अडवीत नाही. म्हणूनच अद्भुत चित्रकथांच्या चित्रकाराने आपली रूपे कोठून घेतली, हा प्रश्न केवळ कलासमीक्षकांचा राहत नाही. तो आपलाही होतो. प्रस्तुत लेखात प्रताप मुळीक या मराठी चित्रकाराच्या संदर्भात त्याचा विचार करावयाचा आहे.

अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ या मालिकेच्या जडणघडणीत राम वाईरकर आणि प्रताप मुळीक या दोघांचा वाटा मोठा आहे. पुढे १९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ हा नायक आणला, तेव्हा त्याला रूप दिले ते मुळीकांनीच. एकाच हाताने पुराणातील वीर आणि आधुनिक अद्भुत नायक रेखाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या रूपांमागे मला तीन प्रवाह दिसतात. पहिला राजा रविवर्मा यांचा. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला गेला. तेथून निघालेल्या तसबिरींनी देवदेवतांना मानवी शरीर, छायाप्रकाश आणि नऊवारी लुगडे दिले. कोल्हापूरच्या धुरंधरांनी आणि पुढे गुलबर्ग्याच्या एस. एम. पंडितांनी हाच वास्तवदर्शी मार्ग आणखी रुंद केला. चित्रकथेतील राजसभा, अलंकार आणि स्त्रियांचे चेहरे या तसबिरींचेच वारस आहेत.

दुसरा प्रवाह अमेरिकेचा. १९६४ पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून ली फॉकचा वेताळ भारतीय घरांत आला. त्याही आधी बर्न होगार्थ या चित्रकाराने टारझनच्या देहाला अशी पिळदार गती दिली होती की, त्याला चित्रकथांचा मायकेलअँजेलो म्हटले गेले. मुळीकांचे झेपावणारे, कंबरेत वळलेले, स्नायू ताणलेले वीर या चित्रांशेजारी ठेवून पाहावेत. नाते सांगावे लागत नाही.

तिसरा प्रवाह आपल्या मातीतला. नागराजाच्या अंगावर हिरवे खवले आहेत, श्वासात विष आहे आणि देहात असंख्य सर्प वसतात. अमेरिकन नायकाची शक्ती बहुधा अपघाताने किंवा प्रयोगशाळेतून येते; नागराजही नागमणी नावाच्या दुष्ट शास्त्रज्ञाच्या हातचे शस्त्र म्हणूनच कथेत प्रवेश करतो. परंतु त्याला मुक्त करणारा कोण? बाबा गोरखनाथ! नागपंचमी पाळणाऱ्या आणि नाथपंथाची ठाणी गावोगाव असलेल्या प्रदेशातील वाचकाला हे परके वाटणे शक्यच नव्हते. आपल्यापैकी काहींना सर्प दिसताच एदेन बाग आठवते आणि ते असा अंक मुलाच्या हातून काढून घेतात. मोशेने रानात उंचावलेला पितळी सर्पही त्यांनी आठवावा. प्रतिमेचा अर्थ ती कोणत्या कथेत उभी आहे यावर ठरतो.

मुळीकांचे श्रेय असे की, हे तीन प्रवाह त्यांच्या रेषेत विसंगत वाटत नाहीत. देहाचा तोल, गर्दीची मांडणी आणि प्रसंगाची गती यांवर त्यांची पकड पक्की आहे. तथापि, येथेच माझा आक्षेपही आहे. उसने घेतलेले रूप आपला अर्थही बरोबर आणते. होगार्थची शरीररचना ज्या जगासाठी घडली, तेथे सामर्थ्य म्हणजे स्नायू. नागराजाच्या कथेचे मर्म एका साधूने मन मोकळे करण्यात आहे; परंतु अंक मिटल्यावर डोळ्यांपुढे राहते ती हाणामारी. जी रेषा झेपेत रमते, तिला शरणागती रेखाटता येत नाही. याच्या उलट उदाहरण ‘अमर चित्र कथे’तच सापडते. युसूफ लिएन यांनी ‘मीराबाई’ रेखाटताना राजस्थानी लघुचित्रांची सपाट, शांत शैली घेतली, आणि तेथे भक्ती चित्राच्या रचनेतूनच प्रकट होते. निवड शैलीची होती, पण परिणाम आशयावर झाला.

उसनवारीबद्दल इतरांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. ख्रिस्तमंडळीने भूगर्भातील दफनभूमींत उत्तम मेंढपाळ रंगविला, तो ग्रीक-रोमन रूप घेऊनच. मायकेलअँजेलोने १५४१ साली पूर्ण केलेल्या ‘अंतिम न्याया’त ख्रिस्त दाढीविरहित व बलदंड आहे, प्राचीन ग्रीक शिल्पांच्या धाटणीचा. त्या चित्रावर वाद झाला आणि पुढे देहांवर वस्त्रे रंगवून घेण्यात आली. म्हणजे होगार्थमार्गे आपल्या चित्रकथांत पोहोचलेला तो देह एकेकाळी सिस्टाईन प्रार्थनालयाच्या भिंतीवरच उभा होता. वस्त्रांनी लाज झाकली. परंतु दैवी सामर्थ्य स्नायूंतून दाखवावे काय, हा मूळ प्रश्न उघडाच राहिला.

गोव्यात १९०२ साली जन्मलेल्या आंजेलो द फोन्सेका यांनी त्याला एक उत्तर शोधले. अवनींद्रनाथ टागोरांच्या परंपरेत शिकून, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी लुगडे नेसलेली मरिया रंगविली. स्वकीयांनीच त्यांच्यावर टीका केली. तथापि त्यांच्या चित्रांतील नम्र, झुकलेल्या आकृती पाहिल्या म्हणजे कळते की, त्यांनी केवळ वेश बदलला नव्हता. देवत्वाचे माप बदलले होते.

तेव्हा धर्मगुरूंनी आणि धर्मशिक्षकांनी वर्गासाठी चित्र निवडताना दोन प्रश्न विचारावेत. हे रूप कोठून आले? आणि हे रूप सामर्थ्य कशाला म्हणते? अनेक रंगीत बायबल-चित्रकथांत शमशोन शोभून दिसतो, कारण ती शैली त्याच्यासाठीच घडल्यासारखी आहे. त्याच शैलीत शिष्यांचे पाय धुणारा प्रभू मात्र अवघडलेला दिसतो. मुलांच्या हातून नागराज काढून घेण्याची गरज नाही. तो पुढ्यात ठेवून, गोरखनाथापाशी त्याचे नेमके काय बदलले, हे त्यांना विचारावे. उत्तर देताना मूल स्नायूंपलीकडे पाहू लागते, आणि आपले काम तेथूनच सुरू होते.