शोधयंत्राचे मौन

मराठी शब्दाचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकास पूर्वी ग्रंथाचे पान न् पान चाळावे लागे. आज ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारख्या संग्रहात ग्रंथांच्या अंतरंगातही शब्द शोधता येतो. गूगलच्या प्रगत शोधात नेमका शब्दसमूह, एखादे संकेतस्थळ, किंवा केवळ पीडीएफ स्वरूपातील दस्तऐवज अशा मर्यादा घालता येतात. या साधनांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या मौनाचा. शोधाअंती काही हाती आले नाही, एवढ्यावरून ‘हा शब्द अमुक काळापूर्वी आढळत नाही’ असे विधान करणे कितपत युक्त आहे?

अवतरणचिन्हांत घातलेला शब्द यंत्र वर्णांचा क्रम म्हणून शोधते. मराठी नाम मात्र प्रत्ययापूर्वी सामान्यरूप धारण करते. ‘पाणी’ हा वर्णक्रम ‘पाण्यात’ या रूपात नाहीच. ‘मूल’ हा ‘मुलास’मध्ये नाही. म्हणजे जे साधन सर्वांत काटेकोर म्हणून वाखाणले जाते, तेच विकारी शब्दांच्या भाषेत सर्वांत अधिक उदाहरणे गाळते.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली व अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’ असे छापलेले आहे. ‘गाव’ एवढेच शोधणारा अभ्यासक नकळत १९६२ च्या अलीकडेच वावरत राहतो.

तिसरी अडचण डोळ्यांस दिसतच नाही. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेल्या अनेक पीडीएफ दस्तऐवजांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत रोमन संकेतांची अर्थहीन रांग असते. जुन्या छापील पानांच्या प्रतिमांवरून यंत्राने केलेल्या वाचनात ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो. ‘ऱ्य’ हे जोडाक्षरदेखील युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते. दिसण्यात भेद नसला तरी शोधात तो पडू शकतो.

यावर असे म्हणता येईल की, संग्रह वाढत जाईल तसतसे मौनासही प्रमाणाचे बळ येईल. हा युक्तिवाद सदोष आहे. चुका सर्व काळांत सारख्या विखुरलेल्या असत्या, तर तो ग्राह्य ठरला असता. परंतु पान जितके जुने, छपाई जितकी पुसट आणि लेखन जितके आजच्याहून भिन्न, तितकी उदाहरण निसटण्याची शक्यता अधिक. दोष एकाच दिशेने झुकतो: शब्द त्याच्या खऱ्या वयापेक्षा तरुण भासतो. संग्रह वाढल्याने हा झुकाव जात नाही, उलट त्याच्यावरील विश्वास मात्र वाढतो.

म्हणून अभावाच्या विधानासोबत शोधलेली सर्व रूपे, संग्रह व शोधाची तारीख नोंदविणे आवश्यक आहे. त्याहून महत्त्वाची एक साधी कसोटी आहे. त्याच ग्रंथात डोळ्यांनी वाचलेले पाचदहा शब्द यंत्रास विचारून पाहावेत. ते सापडले नाहीत, तर मौन ग्रंथाचे नसून यंत्राचे आहे, असे समजावे. सापडलेले उदाहरण मूळ पानाशी ताडून पाहिल्यावर पुरावा ठरते. न सापडलेले उदाहरण ही केवळ पुढील वाचनाची सूचना होय.