घरातले वाचन आणि दाराशी उभे असलेले कर्ज

दिवेलागणीनंतर वडीलधाऱ्यांनी पुस्तक हाती घ्यावे आणि मुलांनी भोवती बसून ऐकावे, ही गोड चाल आपल्या घरांत ज्या ग्रंथांनी रुजविली त्यांत साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे स्थान फार वरचे आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेला व १९३५ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ एकेका रात्रीच्या कथनाने पुढे सरकतो. म्हणूनच तो मोठ्याने वाचावयास इतका सोयीचा वाटतो.

परंतु या वाचनाविषयी आमची एक तक्रार आहे. श्रोत्यांचे डोळे भरून येतात ते आईच्या मायेने. ते घर पोखरून टाकणारे सावकाराचे कर्ज मात्र अश्रूंबरोबर वाहून जाते. वास्तविक दारातला तगादा आणि जप्तीची दवंडी यांवाचून त्या माउलीचे दुःख समजणारच नाही.

हे ध्यानी यावे म्हणून गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्याच्या शेजारी ठेवून वाचावे. १९७० साली आलेल्या व १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या पुस्तकाची भूमी म्हणजे आशागड ज्यात वसले आहे तो डहाणू-तलासरीचा वारली मुलूख. १९४५ च्या उठावापूर्वी तेथे लग्नासाठी सावकाराचे थोडे रुपये घेतले, की नवरा आणि त्याच्यामागे बायकोही त्याच्या घरी राबावयास बांधली जात. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नाचा चौक रेखावा, धवलेरीने गाणी म्हणावीत, आणि त्याच मंगल प्रसंगापायी संसार गहाण पडावा! श्यामच्या घरात कर्ज मांडलेला संसार मोडावयास आले. येथे संसाराची मांडणीच कर्जाने झाली.

वाङ्मयगुणांत दोन्ही पुस्तके सारखी नाहीत. गुरुजींचा करुणरस कधी कधी अतिरेकास जातो. गोदावरीबाईंचे लेखन चळवळीच्या वृत्तांताशी बांधलेले असल्यामुळे झोपडीतील चुलीपाशी रेंगाळावयास त्यास सवड थोडी. शिवाय त्यातील अत्याचारांची वर्णने अगदी लहान मुलांपुढे वाचण्याजोगी नाहीत. ती वडिलांनी निवडूनच वाचावीत. तरीही ज्या मुलांनी श्यामच्या आईसाठी डोळे पुसले, त्यांस लग्नगड्याच्या बायकोची हकीकत परकी वाटू नये. ती परकी वाटली, तर पहिले पुस्तकही आपण नीट वाचले नाही असेच म्हणावे लागेल.