कचऱ्याचे पुढे काय झाले?

कथनमीमांसा हा विषय इंदापूरच्या वर्गात शिकवताना मला नेहमी थोडा संकोच वाटत आला आहे. समोरची मुले उसाच्या पट्ट्यातली. कुणी पहाटे डेअरीला दूध घालून आलेला, कुणाची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली. यांना प्रॉप आणि तोदोरोव कशाला सांगायचे, असे चळवळीतले मित्रही विचारतात. काही वर्षे मीही हा भाग परीक्षेपुरताच शिकवला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. छापलेले आहे ते निमूटपणे पुढे पोहोचवावे, एवढेच मला ठाऊक होते. एका जाहिरातीने हा समज मोडला.

२०२३ च्या जूनमध्ये पर्यावरण दिनाच्या निमित्ताने झोमॅटो कंपनीने एक जाहिरात काढली. 'लगान'मध्ये (२००१) कचरा या अस्पृश्य पात्राची भूमिका केलेले आदित्य लाखिया तीत होते. टाकाऊ वस्तूंपासून काय काय बनते हे दाखवायचे होते. त्यासाठी त्या माणसालाच टेबल, दिवा, कागद म्हणून मांडले होते. निषेध झाला, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली, कंपनीने जाहिरात मागे घेतली. पुढे मी ती वर्गात दाखवली. मुले हसली. खरे सांगायचे तर पहिल्यांदा पाहताना मीही हसलो होतो. जिची आई गावात झाडूकाम करते ती मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "सर, 'लगान'मध्ये निदान त्याच्या हातात चेंडू तरी होता."

प्रॉपचा सारा सिद्धान्त या एका वाक्यात आहे. व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ मध्ये परीकथा तपासून दाखवले की पात्रे कितीही असली तरी भूमिका सातच असतात. नायक, खलनायक, दाता, साहाय्यक अशा त्या भूमिका. पात्र कोण आहे यापेक्षा ते कथेत कोणते काम करते, हा खरा प्रश्न. 'लगान'मध्ये कचरा हा साहाय्यक आहे. भुवन त्याला संघात घेतो, गाव विरोध करते, भुवन गावाला खडसावतो, गाव वरमते. ही परीक्षा भुवनची आहे. त्याचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी कचऱ्याची अस्पृश्यता कामास आली आहे. कचऱ्याला स्वतःला काय वाटते ते आपल्याला जवळजवळ कळतच नाही. तरीही तो वाकड्या हाताने ओळीने तीन गडी बाद करतो. म्हणजे तो काहीतरी करतो. जाहिरातीत तेवढेही उरले नाही. साहाय्यकाचे सामान झाले.

कचरू हे नाव आमच्याकडे मूल जगावे, त्याला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून ठेवीत. असे नाव आमच्याही घरात आहे. मृत्यूला फसवण्यासाठी आईने ठेवलेल्या नावाचा जाहिरातीने शब्दशः कचरा केला.

त्झ्वेतान तोदोरोव म्हणतो की कथा एका समतोलापासून निघते, तो बिघडतो आणि शेवटी नवा समतोल येतो. पण समतोल कुणाचा? चंपानेर गावाचे दुःख म्हणजे दुप्पट लगान आणि न आलेला पाऊस. सामना जिंकला, लगान माफ झाला, पाऊस पडला, कथा संपली. कचऱ्याचा समतोल बिघडला केव्हा? तो मुळात होता तरी कुठे? त्या पावसात भिजून तो कोणत्या घरी गेला? येथे तोदोरोवची मांडणी अपुरी पडते आणि आपला अनुभव तिला दुरुस्त करतो. आमच्या भागाची गोष्टही अशीच सांगितली जाते: माळरान होते, नीरा डावा कालवा आला, ऊस आला, कारखाने आले, बारामती-इंदापूरचे दिवस पालटले. गोष्ट खोटी नाही. पण माझी आजी तीच गोष्ट १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्यापासून सुरू करी. ज्याच्या नावावर रान नव्हते त्याला कालव्याने खुरपे दिले, असे ती म्हणे.

प्रॉपच्या परीकथेत दाता नायकाला जादूची वस्तू देतो. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती हुबेहूब याच साच्यातल्या. सावळी मुलगी, हुकलेली नोकरी, हाती आलेली क्रीम, उजळलेला चेहरा, मिळालेली नोकरी. उणीव समाजात नसून कातडीत आहे, हे ती कथा न बोलता पटवते. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चे 'ग्लो अँड लव्हली' झाले. साचा बदलला काय, ते वाचकांनी तपासावे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला (२०१३) जब्याही जादूची वस्तू शोधतो. काळ्या चिमणीची राख टाकली की शालू वश होईल, या आशेवर तो रानोमाळ फिरतो. चिमणी हाती लागत नाही. वाट्याला येते ते बाप कचरूबरोबर सर्वांदेखत डुक्कर पकडणे. शेवटी हातात दगड उरतो आणि तो थेट कॅमेऱ्याकडे येतो. 'कोण बोलतो' आणि 'कोण पाहतो' हे प्रश्न झेरार जेनेतने वेगळे केले. दगड अंगावर आल्यावर कळते की हसत तमाशा पाहणाऱ्या गावात आपणही बसलो होतो. त्या जाहिरातीवर मी हसलो, तो तिथूनच.

उजनीच्या पाण्यापलीकडे करमाळा तालुका. तिथल्या मातीतला मंजुळे यांचाच 'सैराट' (२०१६) आई-बापाच्या रक्तात पावले भरलेल्या मुलापाशी थांबतो. हिंदीतल्या 'धडक'मध्ये (२०१८) कथा उदयपूरला गेली, जात पुसट झाली आणि शेवटी नवरा व मूल मारले गेले, नायिका उरली. गोष्ट तीच, पण वारस बदलला. मूल उरते तेव्हा प्रश्न उद्यावर जातो. नायिका उरते तेव्हा तो तिच्या शोकात मिटतो.

हीच तपासणी आपल्या घरालाही लावली पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो माणसे बाबासाहेबांबरोबर चवदार तळ्यावर चालत गेली. चरित्रपटाच्या आणि मालिकेच्या साच्यात ती माणसे नायकामागची गर्दी होतात. बाबासाहेबांनी ज्यांना कर्ते केले, त्यांना आपण भक्तीच्या भरात पुन्हा साहाय्यक करतो. हे त्यांच्या विचाराशी जुळणारे नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी कथनमीमांसा परकी मानून टाकून देऊ नये. वस्तीवर टीव्ही लागला की तीन प्रश्न विचारावेत: गोष्ट कुणाच्या सुखापासून सुरू झाली? कोण पाहतो आहे? संपली ती कुणासाठी?

यंदा मी वर्गाला गृहपाठ दिला: सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कचरा काय करतो ते लिहा. बहुतेकांनी लिहिले की तो झाडू घेऊन निघाला. त्या मुलीने दोनच ओळी लिहिल्या. कचरा भुवनच्या दारात गेला आणि त्याने विचारले, विहिरीवर पाण्याला कधी येऊ?