बाजूने काढलेली कोंबडी : 'स्टँडर्ड ऑफ परफेक्शन' वाचताना

समीक्षेच्या व्याख्यानमालेत कोंबडी कशी काय आली, असं आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं. तर मी आज एका पुस्तकाबद्दलच बोलणार आहे. 'अमेरिकन स्टँडर्ड ऑफ परफेक्शन' हे त्याचं नाव. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन ही संस्था १८७३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने 'स्टँडर्ड ऑफ एक्सलन्स' छापलं. त्याच पुस्तकाच्या सुधारून वाढवलेल्या आवृत्त्या आजही निघतात. फक्त मध्ये कधीतरी उत्कृष्टता त्यांना कमी वाटली आणि नावात परिपूर्णता आली. (हशा)

या पुस्तकात प्रत्येक जातीची कोंबडी कशी असावी हे लिहिलेलं आहे. तुऱ्याला टोकं किती, कानाची पाळी लाल की पांढरी, पाठ कुठून वर वळते, शेपटी किती अंशांवर उभी, पिसाच्या मुळाशी रंग कोणता. एकूण गुण शंभर, ते अवयवांवर वाटलेले. मग अपात्रतेची यादी. एकेरी तुऱ्याला बाजूने फुटवा आला, बाद. ज्या जातीचे पाय पिसांविना हवेत तिच्या नळीवर एक बारीकसं पीस उगवलं, बाद. शेपटी कायमची एका अंगाला वाकडी, बाद. पैदास करणारा माणूस हे पुस्तक समोर ठेवून शंभर पिल्लांतून पाच ठेवतो आणि पंच्याण्णव पातेल्यात जातात. म्हणून मी म्हणते की हे समीक्षेचंच पुस्तक आहे. फरक एवढाच, की आपल्या समीक्षेने कुणाचा रस्सा होत नाही.

हे पुस्तक निघालं का, तेही बघू. १८४९च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या पब्लिक गार्डनमध्ये कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि नंतर काही वर्षं तिथे कोंबड्यांचं अक्षरशः वेड पसरलं. चीनच्या बंदरांतून आलेले धिप्पाड पक्षी अवाच्या सवा किमतीला जाऊ लागले. त्यांतल्या एका जातीला चक्क आपल्या ब्रह्मपुत्रेचं नाव मिळालं. आजची 'ब्रह्मा' ती हीच. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या व्यापाऱ्याने या वेडावर १८५५ साली पुस्तक लिहिलं आणि त्यात स्वतःच्या धंद्याचीही यथेच्छ टिंगल केली. अशा बाजारात विकणारा सांगेल ते नाव आणि घेणारा मानेल ती जात. तेव्हा नावाला काहीतरी ठाम अर्थ हवा, ही गरज खरी होती. पट्टेरी करड्या कोंबड्यांचंच घ्या. आपण ज्यांना काबऱ्या म्हणू, त्या. एकाच थाटाच्या कोंबड्या, कुणाचा तुरा उभा, कुणाचा चपटा, खडबडीत. १८७० साली न्यूयॉर्कच्या एका पोल्ट्री सोसायटीने ठरवलं, चपट्या तुऱ्याची ती डॉमिनिक आणि उभ्या तुऱ्याची ती प्लायमाउथ रॉक. एका खुराड्यातल्या बहिणींना दोन आडनावं मिळाली.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती चित्रांपाशी.

फ्रँकलेन सिवेल, आर्थर शिलिंग ही या पुस्तकातल्या चित्रकारांची मोठी नावं. चित्रं सुंदर आहेत, त्यांत वाद नाही. पण कोंबडी जवळजवळ नेहमी बाजूने काढलेली. मान, पाठ, शेपटी, छातीची गोलाई, सगळी रेषा एका नजरेत येते. काय येत नाही? रुंदी. दोन पायांमधलं अंतर, खांद्यांजवळची पाठ किती पसरट, मागच्या भागात अंडं धरायला जागा किती, यातलं बाजूच्या चित्रात काहीच दिसत नाही. आणि मांस कुठे असतं? अंडी कुठून येतात? मजकुरात पाठ रुंद हवी असं लिहिलेलं असतं, नाही असं नाही. पण डोळ्यात राहतं ते चित्र. पिढ्यान् पिढ्या माणसं त्या चित्राशी ताडून कोंबड्या निवडत गेली, तर हळूहळू बाजूने देखणी आणि समोरून फळीसारखी कोंबडी तयार होते. पुस्तकात प्रत्येक जातीला 'आर्थिक गुण' म्हणून एक नोंद असते. रॉकला काय, तर मांस आणि अंडी दोन्हींसाठी नावाजलेली, कातडी पिवळी, कवच तपकिरी. संपलं. पिसांना परिच्छेदच्या परिच्छेद, आणि जिच्यासाठी माणसाने कोंबडी पाळली त्याला दोन ओळी.

आता या पट्टेरी रॉकची गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे.

माणसात नर-मादी ठरतं त्याच्या उलट पक्ष्यांत ठरतं. नराकडे दोन सारखी लिंगगुणसूत्रं, मादीकडे त्यातलं एकच. आणि पट्ट्याचं जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर बसलेलं. म्हणजे शुद्ध पट्टेरी जातीत कोंबड्याला पट्ट्याचे दोन डोस मिळतात, कोंबडीला एक. दोन डोस म्हणजे पांढरं जास्त. एकाच घोळक्यातून निघालेला भाऊ फिकट, बहीण गडद. शेतकऱ्याला याचा फायदाच होता. एका दिवसाच्या पिल्लाच्या डोक्यावरचा पांढरा ठिपका बघून नर-मादीचा बराचसा अंदाज यायचा.

प्रदर्शनात मात्र परीक्षकांना कोंबडा आणि तलंग शेजारी शेजारी एकाच छटेचे हवे होते. निसर्ग देत नाही म्हटल्यावर पैदासकारांनी काय केलं असेल? त्यांनी एका जातीच्या दोन ओळी केल्या. एक ओळ फक्त प्रदर्शनाचे कोंबडे काढण्यासाठी. त्यात नर मुद्दाम गडद निवडत न्यायचे. त्यांच्या बहिणी मग इतक्या काळपट निघतात की त्या प्रदर्शनात कधी जाणारच नाहीत. दुसरी ओळ फक्त तलंगांसाठी. तिच्यात माद्या देखण्या आणि भाऊ पांढुरके, बिनकामाचे. 'डबल मेटिंग' म्हणतात याला. बघा हं, दोन्ही ओळींची नावं एक, पुस्तकातलं पान एक. एखादा नवखा माणूस प्रदर्शनात जातो, पहिला आलेला कोंबडा आणि पहिली आलेली तलंग पदरचे पैसे मोजून घरी आणतो, एकत्र सोडतो, आणि पिल्लं निघतात ती ना बापासारखी ना आईसारखी. त्याला कुणी फसवलेलं नसतं. दोन्ही पक्षी खरोखरच विजेते असतात. त्यांची एकमेकांशी जोडी लागत नाही, एवढंच.

अजून एक आहे. ते बारीक, कातीव पट्टे. पीस वाढतं तसा पट्टा उमटत जातो, म्हणून पीस झरझर वाढलं तर पट्टा रुंद आणि पुसट येतो. अरुंद, ठसठशीत पट्टा हवा तर पीस सावकाश वाढायला हवं. मग पिल्लं कित्येक आठवडे उघड्या पाठीने हिंडतात. मांसासाठी कोंबड्या वाढवणाऱ्यांना हे बिलकूल नको होतं, आणि थंडीतल्या पिल्लालाही नको असणार. पण पुस्तकात त्या पट्ट्याला गुण होते आणि उघड्या पाठीला कुणी गुण कापत नव्हतं. वाईट समीक्षा म्हणतात ती मला याहून वेगळी वाटत नाही. कवितेत यमक बरोबर मोजायचं आणि कविता उपाशी.

परीक्षणाची पद्धतही बदलली. सुरुवातीला आयझॅक फेल्चसारखे परीक्षक गुणपत्रिकेचे कट्टर पुरस्कर्ते होते. एकेका अवयवाचे गुण कापत जायचे, आकडा लिहायचा, मालकाच्या हाती कागद. नंतर तुलनेची पद्धत आली. पिंजरे ओळीने लावलेले, परीक्षक पक्षी बाहेर काढतो, हाताळतो, पहिला-दुसरा ठरवतो आणि पुढे सरकतो. वेळ वाचतो हे खरं. पण का पहिला, हे दोन शब्दांपलीकडे क्वचितच कुठे उरतं. कारणं न देणारी समीक्षा चुकली तर ती चूक दाखवायची कशी? मला जुनी, किचकट गुणपत्रिका जास्त प्रामाणिक वाटते.

आता तुम्ही म्हणाल, पुस्तक एवढं वाईट तर बाजाराचाच निकष घ्या. बाजाराने तोही प्रयोग केला, आणि तो फार थंड डोक्याने केला. १९४६ ते १९४८ या काळात ए अँड पी या किराणा दुकानांच्या साखळीने 'चिकन ऑफ टुमॉरो', उद्याची कोंबडी, अशी स्पर्धा भरवली. स्पर्धकांनी अंडी पाठवायची, ती एका ठिकाणी उबवायची, पिल्लं बाराएक आठवडे एकसारखी वाढवायची आणि मग सोललेल्या कोंबड्यांचं परीक्षण. आदर्श होता मेणाचा पुतळा, तोही सोललेल्या कोंबडीचा. त्याला पिसं नव्हती, तुरा नव्हता. १९४८च्या अंतिम फेरीत पहिले आले कॅलिफोर्नियाचे चार्ल्स व्हॅन्ट्रेस. त्यांचा पक्षी रेड कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर होता.

इथे एक छोटं विषयांतर. कॉर्निश ही जात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये घडली, तिचं आधीचं नाव 'इंडियन गेम', आणि तिच्या घडणीत आपला असील आहे. असील आणि आपला 'अस्सल' एकाच अरबी धातूतून आलेले. तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात सोलून मिळणाऱ्या ब्रॉयलरच्या रुंद छातीत त्या झुंजार पक्ष्याचा अंश आहे. झुंज गेली आणि छाती उरली.

तर तो मेणाचा पुतळा जिंकला, आणि असा जिंकला की पुढच्या पंधरा-वीस वर्षांत मांसाची कोंबडी वेगळी, अंड्यांची वेगळी, आणि दोन्ही देणारी रॉक कुणालाच नको अशी स्थिती आली. त्या काळात जुन्या जाती कुणी सांभाळल्या? हे पुस्तक उशाशी ठेवणाऱ्या हौशी माणसांनी. ज्यांच्या पट्ट्यांच्या वेडाला मी आत्ता हसले, त्यांनीच. आज लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी ही अमेरिकी संस्था 'वारसा' कोंबडी कुणाला म्हणायचं ते ठरवते, तेव्हा तिची पहिली अट हीच असते, की जात विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी या 'स्टँडर्ड'मध्ये आलेली हवी. मग नैसर्गिक समागमाने प्रजोत्पादन हवं, कोंबडीची उत्पादक वर्षं पाच ते सात, कोंबड्याची तीन ते पाच हवीत, आणि विक्रीच्या वजनाला यायला निदान सोळा आठवडे लागावेत. ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांत निघतो, ते आठवून बघा. म्हणजे पुस्तक नसतं तर टीका करायला माझ्यापुढे कोंबडीच उरली नसती. हा मुद्दा मला अडचणीचा आहे, आणि तो मी पूर्ण मान्य करते.

पण सांभाळली म्हणजे काय सांभाळलं? २००५च्या सुमाराला याच संस्थेने बकाय नावाची जात हाती घेतली. ही जात ओहायोतल्या वॉरेन गावच्या नेटी मेटकाफ यांनी घडवली. बाईने एकहाती घडवलेली म्हणून अमेरिकेत ती एकमेव मानतात. १९०४ साली पुस्तकात आली. रंग लाकडी तांबडा, तुरा बुटका, थंडीत न गोठणारा. शंभर वर्षांनी रंग होता, तुरा होता, पण अंग झडलेलं होतं. मग त्यांनी पिल्लं हातात घेऊन निवडायला सुरुवात केली. कवटीची रुंदी, छातीचा घेर, पाठीची सपाटी, छातीचं हाड सरळ आणि लांब आहे का. तिसऱ्या पिढीपर्यंत पक्षी वजनाला भरू लागले आणि लवकर तयार होऊ लागले. रंगही गेला नाही! जुन्या पैदासकारांची एक म्हण आहे, आधी घर बांधा, रंग मागून द्या. म्हण सगळ्यांना पाठ होती, रंगारी फार झाले होते इतकंच.

या तपासणीत नवीन काही नव्हतं. वॉल्टर होगन यांनी १९१३ साली 'द कॉल ऑफ द हेन'मध्ये हेच मांडलं होतं. शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये किती बोटं मावतात, त्या हाडांपासून छातीच्या हाडापर्यंत किती, ती हाडं पातळ आणि लवचीक आहेत की चरबीने जाड झालीत. यावरून कोंबडी अंड्यांची की मांसाची ते सांगता येतं. आपल्या आठवडी बाजारात जाऊन बघा. तिथली बाई कोंबडीच्या रंगाकडे बघेल न बघेल. ती पाय धरून उचलते, छातीचं हाड अंगठ्याने चाचपते, पोटाखाली बोटं घालते आणि 'हिला अजून महिना आहे' म्हणून खाली ठेवते. होगन तिने वाचलेला नाही. होगनने जे केलं ते एवढंच, की तिच्या बोटांना पुस्तकात जागा दिली. 'स्टँडर्ड'ने अशी जागा पानापानावर द्यायला हवी होती. प्रत्येक जातीला एक चित्र वरून काढलेलं, एक समोरून, आणि बोटांची मापं आकड्यात. कठीण काहीच नाही त्यात.

हे सगळं अमेरिकेचं झालं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर कडकनाथ बघा. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी जातींची नोंद केलेली आहे, त्यातही तो आहे. पण ती नोंद 'आहे कसा' हे सांगते, सरासरी वजन, अंडी, रंग. 'असावा कसा' हे पाळणाऱ्यांनी एकत्र बसून अजून लिहायचं आहे. तोवर निकष गिऱ्हाईक ठरवतंय, आणि गिऱ्हाईक जीभ काळी आहे का एवढंच बघतं. काळेपणाचं जनुक प्रभावी असतं, संकरातही काळी पिल्लं निघू शकतात. आणि तो पक्षी भिल्ल-भिलालांच्या अंगणात टिकला तो रंगामुळे टिकलेला नाही. रानात चरणं, थोडक्यात भागवणं, घारीची सावली ओळखणं, यांना कोणता रकाना देणार आहोत? उद्या कुणी कडकनाथचं 'स्टँडर्ड' लिहायला बसलं, तर त्याने पहिलं पान रंगाला देऊ नये आणि चित्र बाजूने काढू नये, इतकं तरी आपण या दीडशे वर्षांच्या पुस्तकावरून त्याला सांगू शकतो.

मी इथे थांबते. प्रश्न घेऊ या. मागे कुणीतरी मघाशीच हात वर केला होता, पट्ट्यांबद्दल बोलत होते तेव्हा.